बाहेरचा कोयंडा

डोळ्यांत ठसठशीत काजळ, म्हणून सगळे तिला काजळवाली म्हणत. तिचे पुढचे दोन दात पडले मुलांच्या संडासात आणि नाक फुटलं मुलींच्या संडासाच्या दारात. विद्यापीठाच्या कागदावर ती मुलगा होती, मनानं मुलगी. एकीकडे पोरांनी तिचं तोंड बेसिनवर आपटलं, दुसरीकडे वॉचमननं काठी चालवली. मग समिती बसली. सात महिने चहा-बिस्किटं झाली आणि ठरलं काय, तर वाचनालयामागच्या अडगळीच्या खोलीचा संडास करायचा. ज्याला जायचं त्यानं जावं, दारावर बाई-बाप्याची पाटी नको.

काम आलं विद्यापीठाच्या सुतारमेस्त्रींच्या गळ्यात. "या वयात हेच बघायचं राहिलं होतं!" असं पुटपुटत त्यांनी रंधा उचलला. तेवढ्यात ती पोरगी स्वतःच येऊन लाकडाच्या भुशावर बसली. ओठावर टाक्यांचा व्रण होता. म्हणाली, "मामा, आतून कडी तेवढी घट्ट लावा. बाकी काही नको."

आता हे ऐकून कुणाचं काळीज हलणार नाही? मेस्त्री विरघळले. अंगठ्याएवढी जाड कडी त्यांनी बसवली. "घे! हत्ती आला तरी उघडायची नाही." ती तोंडावर हात धरून हसली.

आणि इथंच माणसानं माती खाल्ली. अडगळीच्या खोलीला कुलूप बाहेरून लागतं, त्याचा जुना पितळी कोयंडा दारावर तसाच होता. तीस वर्षांत मेस्त्रींनी चांगली वस्तू कधी उपटून फेकली नव्हती. काढला तर नाहीच, उलट घासून चकचकीत केला. वर स्वतःवरच खूश!

त्यांचा एकुलता एक मुलगा याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. तो जेवताना म्हणाला, "बाबा, त्या तसल्यासाठी दार बनवता? पोरं माझी टर उडवतात. मान वर करून चालता येत नाही."

"काम ते काम. गप जेव." एवढं बोलून मेस्त्री ताटावर वाकले. पोराच्या तोंडाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

आठव्या दिवशी भर दुपारी वाचनालयाकडून आरडाओरडा आला. मेस्त्री हातोडी घेऊन धावले. पायऱ्यांवर अडवायला गेलेला ग्रंथपाल पडला होता, डोकं फुटलेलं, चष्म्याच्या काचा रक्तात. मागे वीसेक पोरं, तोंडाला रुमाल बांधलेली. दाराच्या फटीतून काळा धूर निघत होता. खालून पेट्रोल ओतून पेटता बोळा आत सारला होता. आतून दारावर धडाधड मुठी पडत होत्या आणि तीच ती पोरगी गुरासारखी ओरडत होती.

"उघडा रे! मरेल ती!" मेस्त्री ओरडले.

"म्हातारबा, घरी जा," एकजण म्हणाला आणि त्यानं गज हाणला. उजव्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मेस्त्रींनी स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसरा फटका कानशिलावर बसला. तरी लडखडत ते दारापाशी पोचले आणि डाव्या हातानं कोयंड्याला लावलेलं कुलूप धरलं.

धरलं आणि ओळखलं. हिरव्या रंगाचं कुलूप, एका कोपऱ्याला पोचा. परांचीवरून त्यांच्याच हातून पडलं होतं ते. त्यांच्या हत्यारांच्या पेटीचं. सकाळी पेटी उघडी दिसली तेव्हा ते स्वतःच्याच विसराळूपणाला हसले होते. या कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्या खिशात. दुसरी मुलाकडे, सुट्टीत हाताखाली यायचा म्हणून दिलेली.

त्यांनी वळून बघितलं. तिसऱ्या रांगेत पेट्रोलचा डबा घेऊन एकजण उभा होता, रुमाल डोळ्यांपर्यंत. पण बापाला पोरगं ओळखायला तोंड कशाला लागतं? त्यानं हळूच मान हलवली. नको.

हातोडीनं फोडलं तर कुलूप कोणाचं ते कुणाला कळलं नसतं. पण एका हातानं दहा घाव तरी लागले असते, आणि आतल्या मुठी आता थकून पडत होत्या. एक. बऱ्याच वेळानं आणखी एक. किल्ली लावली तर मात्र सगळ्या जगासमोर पोराच्या गळ्यात फास.

मेस्त्रींनी हातोडी टाकली आणि खिशात हात घातला.

"बाबा!" डबावाला किंचाळला.

किल्ली फिरली. कुलूप निघालं. दार हललं नाही. आतून ती कडी होती, हत्तीलाही न उघडणारी; बाहेरच्या पोरांच्या भीतीनं तिनं ती काढलीच नव्हती.

"पोरी, कडी काढ! मी मामा! मी बाहेर आहे, काढ!"

आत खोकल्याची उबळ आली. मग लोखंड सरकलं. ती बाहेर कोसळली, केस जळालेले, तळहातांची सालटी सुटलेली. मेस्त्री तिच्यावर आडवे पडले. पाठीवर गज पडले, लाथा पडल्या. बरगड्या मोडेपर्यंत ते तिच्यावरून हलले नाहीत. मग शिट्ट्या वाजल्या आणि पोरं पांगली. डबा तिथंच राहिला.

पंधरा दिवसांनी चौकशी बसली. निघताना बायकोनं दारात वाट अडवली. "ती वाचली ना? मग आता आपलं वाचवा. एकच आहे हो आपल्याला." मेस्त्री तिच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर पडले.

समितीच्या बाईंनी कुलूप टेबलावर ठेवलं. "हे कोणाचं, माहीत आहे?"

"माझं." मेस्त्रींनी किल्ली त्याच्याशेजारी ठेवली. "दुसरी किल्ली माझ्या मुलाकडे आहे. पेट्रोलचा डबाही त्याच्याच हातात होता." एवढं बोलून ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. बाईंनी पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

उठले, आणि गळ्यातल्या झोळीत अडकवलेला हात सांभाळत दुसऱ्या हातानं पेचकस काढला.

"जातो मी. बाहेरचा कोयंडा काढायचा राहिलाय."