दिपमालाच्या नावापुढचा आकडा

मंडळी, रिकामी जागा दिसली की आपल्याला राहवत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो, रिकाम्या भिंतीवर जाहिरात रंगवतो. मग मोहिनीनं तक्त्यातले रिकामे रकाने भरले, तर तिला एकटीला काय नावं ठेवायची?

मोहिनी जळगावच्या एका आरोग्य संस्थेत आकडेवारीचं काम करायची. चोपड्याकडच्या काही गावांत शिबिरं घेऊन शाळकरी मुलींच्या रक्तातलं हिमोग्लोबिन तपासलं होतं. ज्या गावात अशक्त मुली जास्त, तिथं औषधं घेऊन डॉक्टरांची गाडी जाणार होती. गाडी एकच, आणि ती कुठं जायची हे मोहिनीच्या अहवालावर ठरणार होतं.

काम नवं होतं. संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक अभिमन सर दर शनिवारी येऊन तिला शिकवत. रिकाम्या रकान्यांचा धडा जेमतेम सुरू झाला आणि सरांना लेकीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला जावं लागलं. इकडे वरून फोनवर फोन, अहवाल कुठाय म्हणून. मोहिनीला निम्मा धडा आला होता: आकडा नसेल तर बाकीच्यांची सरासरी घाल. तिनं घातली.

सगळ्यात जास्त रकाने रिकामे होते ते तिच्या मामाच्या गावचे. त्यात मामेबहीण दिपमालाही होती, नववीतली. ‘सुईला घाबरून पळाली असेल भित्री,’ मोहिनी मनाशी हसली. दिपमालाच्या नावापुढं बारा हा आकडा बसला. बारा म्हणजे ठणठणीत. अख्खं गावच ठणठणीत निघालं आणि गाडी दुसऱ्या गावांना गेली. मामाचं गाव दणकट म्हणून मोहिनीला वर अभिमानही वाटला.

पावसाळा सरता सरता दिपमाला शाळेच्या प्रार्थनेत कोसळली. तिला जळगावच्या दवाखान्यात आणलं. मोहिनी धावत पोचली तेव्हा बाटलीतून रक्त चढत होतं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

“पाचाच्याही खाली आलंय,” डॉक्टर म्हणाले. “महिनोन्महिने अंगावर जातंय तिच्या, कुणाला सांगितलं नाही. एवढे दिवस तपासलं कसं नाही कुणी?”

मोहिनीनं मामीला, धुरपदाबाईला विचारलं, “मामी, शिबिर झालं होतं ना गावात? ही गेली का नाही?”

“कशी जाई बाय ती?” मामी म्हणाली. “शाळाना पत्रा उडेल व्हता, म्हनीसन शिबिर मारुतीना देऊळमा ठेवेल व्हतं. ती त्या दिन बाहेर बठेल व्हती. देऊळमा पाय कसा ठेवी? तशा बठ्ठ्या पोरी घरच व्हत्या.”

पाळीत बाहेर बसलेल्या मुली देवळात जात नाहीत, हे मोहिनीला काय ठाऊक नव्हतं? ती स्वतः आजोळी तशी बसली होती. पण खुर्चीवर बसून रकाने भरताना ते तिच्या डोक्यातही आलं नाही. आणि जिच्या अंगावरून महिन्यातले निम्मे दिवस जातं, ती पोर त्या दिवशीही घरी असणारच.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून अभिमन सर आले. मोहिनीनं रडत सगळं सांगितलं.

“धडा अर्धा टाकून गेलो, ही माझी चूक,” सर म्हणाले. “पण ऐक. रकाना रिकामा दिसला की आधी विचारायचं, का रिकामा? कागद भिजला, सुई संपली, तर गोष्ट वेगळी. इथं ज्या मुलींच्या अंगावर जास्त दिवस जातं, त्याच जास्त अशक्त आणि त्याच घरी राहिल्या. त्यांच्या जागी तू धडधाकट मुलींची सरासरी बसवलीस. जेवणावळीला आलेल्यांची पोटं बघून उपाशी माणसांचा हिशोब लागतो का?”

“मग आता काय करू सर?”

“चल, वरच्या साहेबांना सांगू,” सर म्हणाले. दोघं वरच्या कार्यालयात गेले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहाही दिला. “मॅडम, पटतंय मला. पण नोंदी बंद झाल्या. औषधं वाटून झाली. आता पुढच्या वर्षी बघू.” मोहिनी चहा तसाच ठेवून उठली. भांडायला समोर वाईट माणूस तरी हवा होता, तोही नव्हता.

संध्याकाळी झुलाल आबा, दोघींचे आजोबा, दवाखान्यात आले. शिबिरासाठी देऊळ त्यांनीच उघडून दिलं होतं. “सावली शे, पंखा शे, पोरीस्ले बरं पडी, असं वाटनं माले,” ते म्हणाले. मग मान खाली घालूनच म्हणाले, “आते शिबिर मन्हा ओटावर ठेवा. बाहेर बठेल पोरी आधी येथीन.”

आबा बदलले, पण त्यांच्या ओट्यावर येणारी गाडी पुढच्या वर्षीची होती. तोवर गावात आणखी किती दिपमाला घरात पडून आहेत, हे मोहिनीला तक्त्यावरून कळायला काही मार्ग नव्हता.

दिपमालानं डोळे उघडले. मोहिनीचा हात धरून तिनं हळूच विचारलं, “ताई, तुना कॉम्प्युटरमा मन्हा आकडा किती व्हता?”

मोहिनीला खोटं बोलवेना. “बारा.”

“बारा म्हणजे चांगलं ना? मंग माले चक्कर का बरं उनी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात जाऊन मोहिनीनं स्वतःचा तक्ता उघडला आणि मामाच्या गावचे तिनं भरलेले सगळे आकडे एकेक करून पुसले. प्रत्येकापुढं लिहिलं, ‘आली नाही, कारण शिबिर देवळात होतं.’ तिच्या हातात तेवढंच उरलं होतं.

मंडळी, जो आला नाही, त्याची चौकशी करायला त्याच्या दारी जावं लागतं. आपण तिथं सरासरी घालून मोकळे होतो. आणि ज्या दारातून आपल्याच लेकी आत येऊ शकत नाहीत, त्या दारात बसून त्यांची मोजदाद करू नका.