ठमाबाईची झेप

बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. लेन्स पुसली. लेन्स स्वच्छच होती.

गच्चीच्या कठड्यापलीकडे, टेलिफोन कचेरीच्या भिंतीतल्या मोडक्या झरोक्याशी ससाण्याची मादी बसली होती. पारव्याएवढीच, पण ऐट अशी, की सगळं शहर तिच्या नावावर आहे. बाईंनी तिचं नाव ठमाबाई ठेवलं होतं. झरोक्यात तिची पिल्लं होती, आणि वर एक घार मघापासून घिरट्या घालत होती. आज ना उद्या ती पिल्लांवर झेपावणार आणि ठमाबाई तिला पळता भुई थोडी करणार, हे बाई जाणून होत्या. त्यासाठीच त्या रोज सकाळी गच्चीत ठाण मांडत. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकार म्हणून त्यांनी उभी हयात घालवली. पुढारी, पूर, आगी, सगळं टिपून झालं होतं. एवढं एकच चित्र राहिलं होतं.

आणि नेमके आताच हात दगा देत होते. कॅमेरा तिपाईवर बसवून उडतं पाखरू पकडता येत नाही, आणि हातात धरावा तर लटपटतो. घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

जिन्यात चपला वाजल्या. सून चहा घेऊन आली. लहान मुलांच्या दवाखान्यात ती नर्स होती. आज तिची सुट्टी. "आमची सून काय, सुया टोचते," असं बाई शेजारणींना सांगत.

"अर्धाच कप आणलाय, आई."

"का? दूध संपलं?"

"नाही. भरलेला सांडतो."

बाईंनी चमकून पाहिलं. सून झरोक्याकडे बघत होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"सुईत दोरा ओवायला मला हाका मारायला लागलात, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

तेवढ्यात समोर कल्लोळ उठला. घार झरोक्यावर झेपावली होती, आणि ठमाबाई किंचाळत तिच्यावर तुटून पडली होती. बाईंनी कॅमेरा उचलला. चौकटीत कधी पंख, कधी भिंत, कधी नुसतं आभाळ. ज्या कॅमेऱ्याला पोटच्या मुलालाही कधी हात लावू दिला नव्हता, तो त्यांनी गळ्यातून काढला आणि सुनेच्या गळ्यात घातला.

"अहो, मला कुठं येतंय!"

"तान्ह्या बाळाची शीर सापडते ना? मग हीही सापडेल. कोपरं अंगाशी घे. पाखराबरोबर वळ. श्वास सोड... आता दाब!"

सून वळली. पाय फिरले, कंबर फिरली, पण कोपरं जागची हलली नाहीत. मनगटं दगडात कोरल्यासारखी. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी कितीतरी नवशिके तयार केले होते. असे हात त्यांच्यात एकाचे नव्हते. बाईंची नजर त्या हातांवरून हलेना. बोट हललं, पुन्हा हललं.

"आई! घारीच्या पाठीवरच बसली हो ती! नखं रोवून!" सून लहान मुलीसारखी उड्या मारत होती. "एवढीशी, पण हाकलून दिलंन! बघितलंत ना?"

"बघितलं तर!" बाई म्हणाल्या. "डोळ्यांचं पारणं फिटलं."

घार कुठल्या दिशेला पळाली, हे मात्र कुणी विचारलं असतं, तर त्यांना सांगता आलं नसतं.