जुन्या मुलांचा रविवार

आमच्या शाळेच्या नव्या अधीक्षकांनी शाळेचा इतिहास छापायचं मनावर घेतलंय. कच्चा मजकूर त्यांनी मला वाचायला दिला, कारण इतक्या जुन्यांपैकी हाताशी सापडलेली मी एकटीच. मी लाल पेन घेऊन बसते हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मजकूर तसा व्यवस्थित आहे. आधी धान्याच्या गोदामावरच्या भाड्याच्या खोल्या, मग सरकारने शाळा ताब्यात घेतल्यावर नदीपलीकडची दुमजली इमारत, मग वसतिगृह, मग पाण्याची टाकी. टाकीला अख्खा परिच्छेद आहे. तिची फीत कुणी कापली तेही आहे. मुलं तेवढी कुठेच नाहीत. राग तसाही माझ्या नाकावरच असतो, त्या टाकीने तो पार डोक्यात गेला.

म्हणून हे लिहायला बसले. आमचं बोलणं हातांचं, ते मी इथे तुमच्या मराठीत उतरवतेय. उतरवताना थोडं सांडणारच.

ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी मी शेवटच्या वर्गात होते आणि शाळा संपली की मी मरणार याची मला पक्की खात्री होती. आजारबिजार काही नव्हता. चांगली धडधाकट होते, दुसरीच्या ताटातलंही खायचे. पण जरा आमच्या जागी उभं राहून बघा. शाळेतले सगळे शिक्षक ऐकणारे. घरी आई, बाबा, काका, आत्या, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळे ऐकणारे. बहिरे कोण, तर आम्ही मुलं. बहिरा मोठा माणूस आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. शेवटच्या वर्गातल्या मुली दर वर्षी आपापली पत्र्याची पेटी उचलून फाटकाबाहेर जायच्या आणि पुन्हा कधी नजरेला पडायच्या नाहीत. मग त्या जायच्या कुठे?

यावर वसतिगृहात दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणायचा, शाळा संपली की कान उघडतात आणि माणूस ऐकणाऱ्यांत मिसळून जातो. दुसरा म्हणायचा, माणूस मरतो. संध्याकाळी मागच्या अंगणात चादरी वाळत घालताना आमची यावर जोरदार जुंपायची, कारण चादरींच्या आड हात हलवले तर इमारतीतून दिसत नसत. मी दुसऱ्या पक्षाची. कान उघडण्याची काहीच लक्षणं दिसत नव्हती.

हात लपवायचे कारण मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. बहिऱ्या मुलाने तोंडाने बोललंच पाहिजे, हात हलू लागले की जीभ आळशी होते, असं त्यांचं ठाम मत होतं. वर्गात आम्ही हातांवर बसायचो, अक्षरशः. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणायचा, पट्टी हलली पाहिजे. मग ‘म’ म्हणायचा, पट्टी हलता कामा नये आणि नाकाला बोट लावलं तर आत गुणगुण लागली पाहिजे. बाई तासन्‌तास शेजारी बसून घोटून घ्यायच्या. जीव तोडून शिकवायच्या, हे मी तेव्हाही नाकारलं नसतं. जुनी मुलं भेटायला आली तर हातांची सवय पुन्हा लावतील, म्हणून त्यांना फाटकातून आत घ्यायचं नाही हा नियमही त्यांचाच. त्या नियमाने आतल्या मुलांच्या डोक्यात काय उगवतंय, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

माझ्या आदल्या वर्षी खळी गेली. गालाला खळी होती म्हणून आमच्यात तिचं नाव तेच, गालाला बोट टेकवून घ्यायचं. तिची खाट माझ्या शेजारी होती. माझे केस तीच विंचरायची, माझ्या वाटचं भांडायचीही तीच. जाताना तिने मला घट्ट धरलं आणि मग मागे वळून न बघता गेली. मी आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडले. मावशी, म्हणजे वसतिगृहाच्या आमच्या मावशी, त्यांना वाटलं माझं पोट दुखतंय. त्यांनी ओवा दिला.

माझी पाळी आली तेव्हा मी शहाण्यासारखी आवराआवर केली. कंगवा धाकट्या वर्गातल्या एकीला दिला, रिबिनी दुसरीला, आरसा तिसरीला, थंडीची शालसुद्धा देऊन टाकली. मोठ्या बाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्यांनी मला प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं केलं आणि उदार वृत्तीबद्दल फ्रॉकला बिल्ला लावला. माझा चेहरा पडलेला होता, तर तो माझा विनय समजून त्याचंही कौतुक केलं. असलं बक्षीस जगात दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल.

त्याच सुमाराला आमच्या शिवणाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि वरच्या कचेरीने परस्पर बदली बाई पाठवल्या. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र, गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान. त्या मशीनच्या फळीवर तळवा ठेवून आमची टीप बघत होत्या. तेवढ्यात मावशी दारातून ओरडल्या. मावशींच्या मानेची शीर फुगली की त्या ओरडतायत हे आम्हाला ठाऊक होतं. शीर टम्म फुगलेली, आणि शिवणबाई ढिम्म. त्यांनी मान वर केलीच नाही. मावशींनी जवळ येऊन खांदा हलवला तेव्हा कुठे वळल्या, आणि हातांनी म्हणाल्या, “काय गं, आग लागली का?”

माझी सुई बोटात गेली. मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले.

“तुम्ही बहिऱ्या?”

“जन्मापासून.”

“मग तुम्ही मेला कशा नाहीत?”

त्या खांदे हलवून हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू ओसरलं. “मरतात असं कोण म्हणालं?”

“कुणी नाही. सगळ्यांना माहीत आहे. शाळा संपली की मरतात. माझी संपत आली.”

मी त्यांच्या केसांना हात लावला. “हे खरे आहेत?”

“ओढून बघ.”

मी ओढले.

“अगं, हळू! मला नातवंडं आहेत, टक्कल घेऊन जाऊ का त्यांच्याकडे?”

नातवंडं! मी तिथेच फरशीवर बसकण मारली. आणि भोकाड पसरलं.

शिवणबाईंनी माझं मनगट धरलं आणि तशीच मला मोठ्या बाईंच्या खोलीकडे नेलं. मावशी मागून धावल्या. “बाई, नका जाऊ, नोकरी जाईल तुमची,” असं त्या वाटभर हातांनी सांगत होत्या. शिवणबाई थांबल्या नाहीत. आत शिरताच मोठ्या बाईंनी नेहमीची खूण केली, हात खाली. शिवणबाईंचे हात खाली गेले नाहीत. त्या भराभर बोलत राहिल्या आणि मावशी, ज्यांना हातांचं बोलणं येत नाही असा सगळ्यांचा सरकारी समज होता, त्या एकेक वाक्य तोंडाने सांगत राहिल्या. आपलं गुपित उघडं पडतंय हे त्यांना कळत होतं. घामाघूम झाल्या होत्या, तरी सांगत राहिल्या.

मोठ्या बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी मलाच विचारलं, सावकाश, ओठ मोठे करून, “काय झालं?”

मी तोंडाने म्हणाले, “मी मरणार.”

माझा ‘म’ स्वच्छ होता. त्यांनीच घोटून घेतला होता. त्यांना पहिल्यांदाच नीट समजलं. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि बराच वेळ माझ्या फ्रॉकवरच्या बिल्ल्याकडे बघत राहिल्या.

मग मावशींकरवी विचारलं, “सगळ्याच मुलांना असं वाटतं?”

“अर्ध्यांना,” मी म्हणाले. “बाकीच्यांना वाटतं कान उघडतील.”

कुणाचीही नोकरी गेली नाही. पुढचे काही दिवस मोठ्या बाई मावशींना घेऊन रोज दुपारी बाहेर जात, चपला धुळीने माखवून परत येत. रविवारी सकाळी आम्हाला सभागृहात बसवलं आणि फाटक उघडलं.

जुनी मुलं आली. एक सुतार आला, त्याचं एक बोट अर्धं होतं आणि त्याचं बोलणं त्यामुळे जरा बोबडं वाटत होतं. एक पाव भाजणारा आला, पोट सुटलेला. एकजण बायकोसकट आला, तीही बहिरी, आणि दोघं आमच्यासमोर पिशवी कुठे विसरली यावरून कचाकचा भांडले. आम्ही श्वास रोखून बघत होतो. आणि त्यांच्या मागून खळी आली. गालाची खळी तशीच, अंगाने दुप्पट.

“तू मेली नाहीस?” मी विचारलं.

“प्रयत्न केला की,” ती म्हणाली. “घरी गेले, नवा फ्रॉक घातला आणि खाटेवर सरळ पडून राहिले. आई उठवायला लागली, मी उठेना. संध्याकाळी भूक लागली. उठले, जेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले. पुन्हा भूक. म्हटलं, हे आपल्याच्याने होणार नाही.”

“मग मला सांगायला का नाही आलीस?”

“आले होते. फाटकावरूनच परत पाठवलं.”

मोठ्या बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. आपले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. आमच्याकडे बघून त्यांनी मावशींना काही विचारलं आणि मावशींनी खळीचं बोलणं त्यांना सांगितलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मावशींना आणखी काही विचारलं, मावशींनी एक खूण करून दाखवली, आणि मोठ्या बाई सभागृह ओलांडून खळीसमोर आल्या. त्यांनी हात उचलला. बोटं चुकलेली होती, दिशाही उलटी. तरी माफी कळली. खळीने त्यांची बोटं धरून नीट करून दिली, त्या ‘म’साठी आमचे ओठ धरायच्या तशीच.

या बाईंवर माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. पण आपलीच चूक समोर आल्यावर दारोदार हिंडून ती निस्तरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मावशींचे आहेत. आणि शिवणबाईंचे तर इतके, की ते फेडायच्या भानगडीत मी पडलेच नाही, नुसती जगत राहिले.

तो रविवार पुढे दर वर्षी होऊ लागला. रीत ठरून गेली. जुनं माणूस पुढे येतं आणि सगळ्यांत आधी बोटांवर आपलं वय दाखवतं. नाव, काम, लेकरं, सगळं त्यानंतर. शिवणबाई गेल्या तोवर न चुकता येत होत्या. आता सगळ्यांत मोठी मी. गुडघे कुरकुरतात, लेक म्हणते यंदा राहू दे आई, पण मी रिक्षा करून जाते.

यंदाही गेले. पुढे झाले, वय दाखवलं. पहिल्या रांगेतली नुकतीच आलेली एक चिमुरडी उठली, माझी बोटं पुन्हा उघडायला लावून तिने ती मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्या कानाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. मी मान हलवली, काहीच ऐकू येत नाही. ती वळली आणि मैत्रिणींकडे धावत सुटली. तिचे हात मला लांबूनही वाचता आले.

“आपण एवढ्या म्हाताऱ्या होतो!” ती त्यांना सांगत होती.