तिसऱ्या ओहोळाचं पाणी

गुणवंतरावांनी वाळकं पान धारेत सोडलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पान दगडाला अडलं, गरकन फिरलं, सुटलं. दहा फुटांना सतरा सेकंद. सकाळपासून तिसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा सतराच. जांभळी नाला जिथे नदीला मिळतो तिथे भर मे महिन्यात ही मनगटाएवढी धार वाहत होती आणि तिनेच त्यांच्या डोक्याला ताप करून ठेवला होता.

नाल्याला वरून तीन ओहोळ मिळत. तिन्ही त्यांनी नकाशावर तुटक रेघेने दाखवले होते, म्हणजे उन्हाळ्यात कोरडे. चांद्याच्या मोजणी कचेरीतून तो कागद परत आला. मोठ्या साहेबांनी लाल पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती : वर तिन्ही कोरडे, तर खाली पाणी कुठून? साहेब शनिवारी स्वतः मुक्कामावर येणार होते. तोवर उत्तर मिळालं नाही, तर गुणवंतरावांना कचेरीत बसून नकाशांच्या नकला कराव्या लागणार होत्या. वीस वर्षं जंगल तुडवलेल्या माणसाला टेबलाशी बांधायचं म्हणजे काय! आणि आज गुरुवार उजाडला होता.

त्यांना रात्री झोप नव्हती, दिवसा जेवण गोड लागत नव्हतं. त्यातून एक गोष्ट तर त्यांनी साहेबांनाही सांगितली नव्हती. दोन ओहोळ त्यांनी शेवटपर्यंत चालून पाहिले होते. तिसरा मात्र कोलूच्या शब्दावर काढला होता. कोलू त्यांचा वाटाड्या, मोजणीची साखळीही तोच ओढायचा. पन्नाशीचा, याच जंगलातला, कमी बोलणारा. तिसऱ्या ओहोळाचं नाव काढलं की त्याच्याकडे काही ना काही निघायचंच. एकदा अस्वल, एकदा पाय मुरगळला, एकदा तर म्हणे वाट बुजली.

"कोलू, साखळी उचल. आज तिसरा."

"तिकडं काई नाई जी. नुसती रेती हाय."

"असू दे. रेती तर रेती, डोळ्यांनी पाहू."

कोलूने साखळी खांद्यावर टाकली. पण नेहमी पुढे चालणारा माणूस आज मागे राहिला.

ओहोळ खरंच कोरडा होता. पांढरी वाळू तापून पायताणातून चटके देत होती. गुणवंतराव वाकून वाकून पाहत होते, काठीने टोचत होते, पुन्हा भराभर चालत होते. दीड मैलात ओलीचा डागसुद्धा दिसला नाही. पाण्याची छागल केव्हाच रिकामी झाली. ओहोळ वळला तिथे काठावर सात-आठ झोपड्या लागल्या आणि ते मोहाच्या सावलीत मटकन बसले.

जवळच एक म्हातारी दगडावर मोहाच्या टोरी फोडून बिया वेगळ्या करत होती. कोलूने तिला पाहिलं आणि मान खाली घातली. ती त्याची थोरली बहीण, सुकरी.

"बाई, प्यायला पाणी मिळेल का?"

"इथी पानी नाई साहेब," कोलूच मधे बोलला. "तळ्याचं हाय, तेबी गढूळ. तुमाले सोसनार नाई."

सुकरीने हातातला दगड खाली ठेवला. भावाकडे एकदा, गुणवंतरावांच्या फुटलेल्या ओठांकडे एकदा पाहिलं. मग ती उठून झोपडीमागे गेली आणि भोपळ्याचा तुंबा भरून घेऊन आली.

गुणवंतरावांनी दोन घोट घेतले आणि थांबले. पाणी गार होतं, अगदी दात शिवशिवतील इतकं. तळहातावर थोडं ओतून पाहिलं. नितळ पाणी, त्यात पांढऱ्या वाळूचे चार कण.

"अरे बापरे!" ते ताडकन उठले. "हे तळ्याचं नाही. वाळूखालून वाहतंय! वरून कोरडा दिसतो, पण आतून जिवंत आहे ओहोळ. तेच खाली नाल्यात जाऊन वर येतं. कोलू, सापडलं रे, सापडलं!"

त्यांना नाचावंसं वाटत होतं. कोलू मात्र बहिणीवर गोंडीत काहीतरी जोरात ओरडला. सुकरीने उत्तर मराठीतून दिलं, गुणवंतरावांनाही कळेल असं.

"तोंड उघडून पानी मांगते मानूस, तं नाई म्हनू का मी? आजवर कोनाले म्हनलं?"

"म्हणजे तू मला मुद्दाम फिरवलंस?" गुणवंतराव कोलूवर उखडले. "माझ्याच हाताखाली राहून? माझं जंगलातलं काम जायची वेळ आली, ठाऊक आहे?"

 सुकरी मधे पडली.

"त्याले नोका बोलू जी. आमीच सांगतलं होतं त्याले. रेतीत झिरा खांदतो, पानी घेतो, वरून पाला टाकतो, रेती लोटतो. आमचं पयलं गाव दुसऱ्या नाल्यावर होतं. तिथी असाच एक साहेब येऊन कागदावर पानी काढून गेला. दुसऱ्या साली लाकडाचा ठेकेदार आला. जिथी पानी तिथी त्याचा डेरा. साठ गाड्या, शंभर बैल. सारे त्याच झिऱ्यात उतरले. पानी नासलं, मंग पटकी आली. माही नात गेली, सून गेली. तेव्हा आलो इकडं."

"कोणता नाला, बाई?"

"करंजी."

गुणवंतरावांनी हातातला तुंबा खाली ठेवला. करंजी नाल्याची रेघ त्यांनी स्वतः काढली होती, सहा वर्षांपूर्वी. निळी, अखंड. ऐन उन्हाळ्यात पाणी शोधलं म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती आणि त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या मोजणी पार्टीला चहा पाजला होता. तेव्हा काठावर कोण राहतं हे विचारावंसं त्यांना वाटलं नव्हतं.  

"आता कळलंच तुमाले," सुकरी म्हणाली. "लपवून काय करू? या, दाखवते. कागदावर काढाचं तं नीट पाहून काढा."

ती ओहोळात उतरली. गुणवंतराव उठले, दोन पावलं चालले आणि थबकले.

"नाही बाई. मला दाखवू नका."

"काऊन जी?"

"मला दिसलं की मी काढतो. मग हात थांबत नाही माझा."

ते मागे फिरले आणि ओहोळाकडे पाठ करून जमिनीवर बसले. कोलू जवळ आला. 

"शनवारी साहेबाले काय सांगसान?"

"दीड मैल चाललो, कोरडी वाळू पाहिली. खालचं पाणी कुठून येतं, ते मला सापडलं नाही."

"मंग तुमची नोकरी?"

"बसवतील टेबलाशी. बसेन."

पाठीमागे सुकरीने पाला बाजूला केला. ती हातांनी वाळू उपसू लागली, आधी कोरडी, मग ओली. तो फरक गुणवंतरावांना आवाजावरून बरोबर कळत होता. किती खोल असेल? धार उजवीकडून येत असेल की डावीकडून? त्यांची मान आपोआप वळू लागली. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे घट्ट आवळले आणि समोरच्या टेकडीवरची झाडं मोजायला सुरुवात केली.