डॉक्टरसाहेबांची कोंबडी

डोंगरातल्या पुकामायो गावच्या शनिवारच्या बाजारात सातुर्निना वीस वर्षं कुय तळून विकत होती. परदेशातली पोरं ज्याला गिनीपिग म्हणून पिंजऱ्यात ठेवतात आणि ज्याचे मुके घेतात, तोच हा प्राणी. सातुर्निना त्याला लसूण, जिरं, लाल मिरची चोळायची, नदीतल्या जड दगडाखाली दाबून कुरकुरीत तळायची आणि डोक्यासकट, दातांसकट बशीत वाढायची. डोकं नसलेला कुय म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, असं तिचं मत. मतं तिच्याकडे पुष्कळ होती आणि ती तळणीतून काढल्यासारखी गरम असत.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला सतरा जण उभे होते. एवढे तर पुकामायोच्या गल्लीत कुत्रेही नव्हते.

"तो टोपीवाला हात मिळवतो नि लगेच पँटला पुसतो," ती तळता तळता सांगे. "घंटावाली बाई सभेत ढसाढसा रडते, रुमाल मात्र कोरडा. आणि कुदळवाला! कुदळ चिन्ह घेतलंय, तळहाताला एक घट्टा नाही. अगदी आमचे जावई."

"आणि शिडीवाला डॉक्टर लार्रान्यागा?" शेजारची बटाटेवाली दोमिंगा विचारी.

"तो अजून आलेला नाही. म्हणून सध्या तोच बरा."

तिचा धाकटा दीर नेमेसियो याचं घर हमरस्त्यालगत होतं. जानेवारीत त्याने भिंतीवर शिडी रंगवू दिली, फेब्रुवारीत टोपी, मार्चमध्ये घंटा. प्रत्येक पक्षाला त्याने आईची शपथ घेऊन निष्ठा सांगितली होती. रंगाचे एवढे थर चढले की त्या वर्षी भिंतीच्या फटींतून वारा आला नाही, हा लोकशाहीचा त्याला झालेला खरा फायदा.

मतदानाला दोन आठवडे उरले असताना शिडीवाल्यांचा प्रचारप्रमुख रेन्सो राजधानी लिमाहून आला. पोट सुटलेला, चाळिशीचा, फुगीर जॅकेट घातलेला.

"मामीता, पुढच्या शनिवारी डॉक्टरसाहेब तुमच्याकडे जेवणार," तो म्हणाला. "कॅमेरे असतील. अख्खा देश बघेल."

"माझी पोरं मी मोजलीयेत, त्यात तू नाहीस. मला मानाने दोन्या सातुर्निना म्हण. आणि जेवू दे की. उपाशी माणसाला मी कधी नाही म्हटलं?"

रेन्सोने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक छोटीशी अडचण आहे, दोन्या. साहेब कुय खात नाहीत. तर असं करा, अंग कोंबडीचं ठेवा आणि पुढे डोकं तेवढं कुयचं लावा. कॅमेऱ्याला कळणार नाही."

सातुर्निनाने झारा खाली ठेवला. "डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं? ही बशी आहे का तुमची आघाडी?"

दोमिंगा फिस्सकन हसली. रेन्सोने हात जोडले, विनवण्या केल्या. शेवटी सातुर्निना म्हणाली, "बरं." तिला ओळखणारा कुणीही त्या 'बरं'ने सावध झाला असता. रेन्सो खूश होऊन गेला.

बातमी नेमेसियोच्या कानावर गेली तशी तो धावत आला.

"वहिनी, मी मोबाइलवर शूटिंग करतो! कोंबडी खाताना त्याला पकडू आणि घंटावाल्यांकडे पाठवू. सोमवारपर्यंत माणूस संपला!"

"भावोजी, मी सापळे लावत नाही, मी रांधते."

"मग कोंबडी देणार?"

"तेही नाही."

"मग करणार काय?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोंबडी वाढावी तर वीस वर्षांच्या हाताचा अपमान, गुपचूप कुय वाढावा तर पंगतीला बसलेल्याचा विश्वासघात. बरं, दोन्हीकडे खोटं बोलणारी तीच ठरणार, आणि मतं मागणार तो!

शनिवारी डॉक्टर लार्रान्यागा आले. उंच, गोरे, डोक्यावर कानटोपी, आणि तीही उलटी घातलेली. इथल्या क्वेचुआ भाषेत ते "माझ्या भावाबहिणींनो" असं म्हणायला गेले आणि "माझ्या मेंढ्यांनो" असं काहीतरी म्हणाले. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. सकाळपासून उभं राहून त्यांचं अंग अवघडलं होतं, तेवढीच हालचाल. मग डॉक्टर सातुर्निनाच्या बाकड्यावर बसले. कॅमेरे पुढे सरकले.

सातुर्निनाने त्यांच्यासमोर दोन बश्या ठेवल्या.

"डॉक्टरसाहेब, या बशीत कुय आहे, या बशीत कोंबडी. तुमच्या माणसांनी सांगितलं, कोंबडी वाढा आणि कुय म्हणा. मला ते जमायचं नाही. काय खाता ते तुम्हीच सांगा. दोन्ही ताजं आहे."

रेन्सोचा चेहरा बटाट्याच्या पिठासारखा पांढरा पडला. नेमेसियोने मोबाइल डोक्यावर उंच धरला.

डॉक्टरांनी उलटी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ कुयच्या दातांकडे पाहिलं.

"लहानपणी माझ्याकडे एक होता," ते म्हणाले. "कानेलिता नाव. माझ्या आठव्या वाढदिवसाला आजीने तोच वाढला. मला जेवण झाल्यावर कळलं."

मग मागून एक म्हातारी ओरडली, "आमच्या सगळ्यांच्याच आज्यांनी तेच केलं रे, लेकरा! बटाटा खा!"

असा हशा पिकला की कौलांवरची कबुतरं उडाली. डॉक्टरांनी बटाटा घेतला, सातुर्निनाच्या हिरव्या मिरचीच्या वाटणात बुडवला आणि तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहिलं, तरी दुसरा मागितला. सातुर्निनाला त्यांची कीव आली आणि थोडा अभिमानही वाटला. तिने त्यांना ओल्या मक्याचं एक कणीस जास्त वाढलं.

ते चित्रीकरण देशभर फिरलं. चार दिवसांत डॉक्टर जनमत चाचण्यांत सहाव्या नंबरवरून तिसऱ्यावर गेले. मग बाकीच्यांना अक्कल आली. टोपीवाला एका बाजारात लहानपणीच्या मेंढीसाठी रडला. कुदळवाल्याने मेलेल्या गाढवाचा फोटो छातीशी धरला. घंटावालीची तर मांजर, पोपट आणि कासव एकाच आठवड्यात वारली, आणि या वेळी म्हणे रुमालही ओला होता.

पण गुरुवारी सातुर्निना गावातल्या गिऱ्हाइकांसाठी घरी तळत असताना दोमिंगाच्या रेडिओवर डॉक्टरांचं अरेकिपा शहरातलं भाषण लागलं. तीच गोष्ट, तीच आजी, तोच वाढदिवस. फक्त कुयचं नाव होतं पेलुसा.

सातुर्निनाने झारा हवेतच थांबवला. "ऐकलंस?"

"विसरला असेल."

"पोटच्या पोराचं नाव विसरतं कुणी?" ती इतकी चिडली की त्या दुपारचे दोन कुय करपले. तिने कणीस जास्त वाढलं होतं ना!

रविवारी मतदान झालं. पुकामायोच्या शाळेबाहेर रांग लागली. मतपत्रिका चादरीएवढी, ती उघडताना मतदानाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांआडची माणसं कोपराने एकमेकांना ढोसत होती. नेमेसियो बाहेर येऊन तिन्ही पक्षांच्या माणसांना बोटाची शाई दाखवत, गळ्यात पडत फिरला.

डॉक्टर देशात पाचवे आले. पुकामायोत मात्र पहिले.

पुढच्या शनिवारी दोमिंगाने विचारलंच. "तू कुणाला दिलंस, सातू? मला तरी सांग."

सातुर्निनाने मिरची वाटणं थांबवलं नाही. "त्यालाच."

"खोटारड्याला?"

"बाकीचे सोळा कुणी विचारलं नसताना खोटं बोलत होते. त्याला मी भर बाजारात कोंडीत पकडलं, तेव्हा कुठे खोटं बोलला. आणि मिरची त्याने खरीच खाल्ली, दोमिंगा. मी नाकाकडे बघत होते."

दोमिंगा हसता हसता बटाट्याच्या पोत्यावर बसली. तेवढ्यात डोंगरावरची गाडी आली, तिच्यातून आठ-दहा भुकेली माणसं उतरली, आणि सातुर्निना कुयवर ठेवायचा दगड उचलायला वळली.