देव्हाऱ्यातला शिपाई

सोलापुरात नट येतो तो दुकानाची फीत कापायला. फीत कापतो, दोन वाक्यं बोलतो, त्यातलं एक शेंगाचटणीवर असतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. केराबाईला हे पाठ झालं होतं. त्यामुळं साडेसातच्या मालिकेतले मेजरसाहेब गुरुवारी साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला येणार आणि तिथून थेट आपल्या जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांत येणार, असं लेकीनं सांगितलं तेव्हा तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "येऊ देत की. तुझा बाप बी रोज दिल्लीला हुकूम सोडतोय, टीव्हीपुढं बसून."

"आई, मस्करी न्हाय गं," ऋतुजा म्हणाली. "त्यांच्या ऑफिसातनं फोन आला. त्यांना आप्पांच्या पणजोबांचं पदक बघायचंय."

ती भाकरी करपली.

झालं होतं असं. मेजरसाहेबांचं खरं नाव इंद्रजीत. अकरा वर्षं पडद्यावर गणवेश घालून घालून त्याला खऱ्या गणवेशाचा नाद लागला होता. जुनी शिरस्त्राणं, दुर्बिणी, बिल्ले, बंद पडलेली घड्याळं, लढाईवरून आलेली पदकं, असलं सगळं तो गोळा करायचा. एका मुलाखतीत त्यानं आपलं कपाट दाखवलं आणि म्हणाला, कुणाच्या घरी असं काही असेल तर कळवा, मी फक्त बघायला येईन. ऋतुजानं कळवलं. तिनं लिहिलं, आमच्या वडिलांचे पणजोबा बिरप्पा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत गेले, ते आले नाहीत, त्यांचं चांदीचं पदक आलं, आणि ते आजही आमच्या घरात आहे.

घरात होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ते पदक राहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट या जगात एकट्या केराबाईला ठाऊक होती. दुसरी जी होती ती, तिची सासू गोजरबाई, वीस वर्षांपूर्वी गेली.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षाची गोष्ट. तेव्हा ही माणसं सांगोल्याकडं गावी राहायची, मेंढरं होती. सासरे नुकतेच गेले होते आणि गोजरबाईला एक स्वप्न पडायला लागलं. डोक्याला फेटा, अंगात खाकी, असा एक माणूस उंबऱ्याबाहेर उभा असतो. आत या म्हटलं तर म्हणतो, माझी जागा कुटं हाय?

गोजरबाईला अर्थ लगेच कळला. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचा टाक देव्हाऱ्यात होता. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटाएवढी मूर्ती, देवांच्या शेजारी रांगेत बसलेली. बिरप्पाचा तेवढा नव्हता. त्याचं मढं आलं नाही, दिवस झाले नाहीत, आणि टाकाचं नाव काढलं की पुरुषमाणसं म्हणायची, पदक हाय की पेटीत, टाक कशाला? पेटी उघडायची ती दसऱ्याला. म्हणजे शंभराला टेकलेला बिचारा बिरप्पा वर्षातनं एकदा उजेड बघायचा.

"टाक घरच्याच चांदीचा व्हायला पायजे," गोजरबाई म्हणाली. "इकतची चांदी चालत न्हाय." घरात दुसरी चांदी नव्हती. होते ते तोडे सासऱ्यांच्या आजारपणात गेले होते.

दोघी सासवासुना मंगळवेढ्याला रावजी सोनाराकडं गेल्या. त्यानं पदक हातात धरून म्हटलं, "वैनी, ह्याच्यावर राजाचं डोकं हाय."

"असू दे," गोजरबाई म्हणाली. "त्याचं डोकं वितळव, आमच्या माणसाचं काढ."

संध्याकाळी बिरप्पा पदरात बांधून घरी आला. भंडारा उधळून देव्हाऱ्यात बसला. आणखी एक टाक वाढला ते पुरुषांच्या लक्षातही आलं नाही. देव्हारा धुणं-पुसणं बायकांकडं. पदकाच्या जागी गोजरबाईनं लाल थैलीत एक भोकाचा पैसा घातला, तोंड दोऱ्यानं शिवून टाकलं आणि मुलाला सांगितलं, "सिद्धराम, ही थैली आता उघडायची न्हाय. देवऋषीनं सांगितलंय." मग सुनेकडं वळून हळूच, "तुज्या-माज्यात." स्वप्न पडायचं बंद झालं.

सिद्धरामनं तीस वर्षं दर दसऱ्याला त्या भोकाच्या पैशाला गुलाल लावला.

आता सिद्धराम एकसष्ट वर्षांचा. एसटीत ड्रायव्हर होता, निवृत्त झाला. जिल्ह्यात असं गाव नाही जिथं त्यानं गाडी वळवली नाही. मेजरसाहेब येणार हे कळल्यापासून त्याचा पाय घरात ठरेना. मांडववाल्याकडनं सहा खुर्च्या आणल्या. दाढी दोनदा केली. शेजारच्या महादेवप्पांना इतक्यांदा सांगितलं की ते समोरून येताना दिसले की आपणच म्हणायचे, "व्हय व्हय, बसरा!"

केराबाईनं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. बुधवारी दुपारी तो खुर्च्या पुसत होता तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"अवो, एक बोलायचं होतं. त्या पदकाचं."

"केरा, तुला ठावं हाय का," तो फडकं थांबवून म्हणाला, "आपल्या गावच्या चावडीत दगड बसवलाय बग. ह्या गावातनं अकरा मानसं म्हायुद्धावर गेली, तीन आली न्हाईत. नुसता आकडा. नाव एकाचं न्हाय. मी चौथीत होतो. मास्तर म्हनले, सिद्धराम, तुझा पणजा ह्या तिनातला कितवा रं? सगळी पोरं हसली." त्यानं परत पुसायला घेतलं. "पदकाच्या कडंवर नाव असतंय म्हणं. विंग्रजीत. आमच्या म्हाताऱ्याला वाचता आलं न्हाय, मला थैली उघडता आली न्हाय. आता एवढा मोठा मानूस वाचंल. एकदा ऐकलं की झालं. मग काय, घिऊन जाईना का."

केराबाई म्हणाली, "खुर्चीचा पाय हालतोय," आणि आत गेली. आत जाऊन टाकातल्या बिरप्पाकडं बघत उभी राहिली. तो काही बोलला नाही. शिपायाची जात.

गुरुवारी चारच्या सुमाराला इंद्रजीत आला. टीव्हीत दिसतो त्यापेक्षा बुटका होता आणि घामाघूम होता. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याला सलाम ठोकला. तो ओशाळून प्रत्येकाला हात जोडत आत आला आणि सहा खुर्च्या सोडून खाटेवर बसला. केराबाईनं खाटेवरच्या जुन्या वाकळेवर नवी कोरी चादर घातली होती, ठिगळं दिसू नयेत म्हणून.

"बसा, मेजरसाहेब," सिद्धराम म्हणाला.

"काका, मेजर म्हणू नका हो. मी एनसीसीच्या पहिल्या परेडला उन्हात चक्कर येऊन पडलो होतो."

"मग त्या दिवशी बर्फातनं जखमी जवानाला पाठीवर घिऊन आला ते?" केराबाईनं विचारलंच.

"तो कापसाचा होता, मावशी. बर्फसुद्धा कापसाचाच."

केराबाईचा जीव जरा भांड्यात पडला. माणूस सगळं खोटं खोटं आहे असं स्वतः सांगतो, म्हणजे फार खोटा नसावा. तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. त्यानं चटणीवर एकही वाक्य न बोलता गुपचूप दोनदा घेतली.

मग सिद्धराम ताटलीत थैली घेऊन आला. हळदकुंकू वाहिलेलं, वर शेवंतीचं फूल. इंद्रजीतनं खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले. ऋतुजानं कात्री दिली.

"काका, मी कापू? मघाशीच फीत कापलेला हात आहे."

"कापा, कापा. तुमच्याच हातनं."

कात्री दोऱ्याला लागली आणि केराबाई म्हणाली, "थांबा."

सगळे थांबले. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तीस वर्षं हा माणूस दर महिन्याला पगाराचं पाकीट न उघडता तिच्या हातात देत आला होता.

"त्यात पदक न्हाय," ती म्हणाली.

सिद्धरामनं ताटली खाली ठेवली. कात्री घेतली, दोरा स्वतःच कापला. भोकाचा पैसा ताटलीत पडला, गोल फिरला आणि आडवा झाला.

मग तिनं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. स्वप्न, तोडे, रावजी सोनार, राजाचं डोकं. देव्हाऱ्यातनं टाक आणला आणि तळहातावर धरला. फेटेवाला, पायी उभा, हातात भाला. रावजीकडं बंदुकीचा ठसा नव्हता. "आत्याबाईंनी शपथ घातली हुती. पर त्या गेल्यावर सांगायला पायजे हुतं. भ्याले मी."

सिद्धरामनं भोकाचा पैसा उचलला, उलटापालटा करून बघितला.

इंद्रजीतनं एक हातमोजा काढला, मग दुसरा. "हात धुऊन येऊ का, मावशी?" त्यानं विचारलं. मोरीवर जाऊन हात धुऊन आला आणि ओंजळ पुढं केली. टाक बराच वेळ बघत राहिला.

"माझ्याकडं चारशे बारा पदकं आहेत, काका. काचेच्या कपाटात, एसीत. लोक येतात, फोटो काढतात. त्यातल्या एकालाही कुणी हळदकुंकू लावत नाही." त्यानं टाक परत दिला. "हे तुमच्याकडून नेता येण्यासारखं नाही. आणि यापेक्षा चांगलं माझ्याकडं काही नाही."

"चांदीचं काय न्हाय वो," सिद्धराम म्हणाला. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पणजा देवात बसला, ब्येस झालं. आईनं बराबर केलं. पर नाव गेलं की. जगात एका जागी लिवलेलं हुतं त्याचं नाव. त्ये वितळलं."

केराबाईनं डोळे पुसले. मग इंद्रजीतला म्हणाली, "उठा जरा."

"अं?"

"खाटंवरनं उठा."

मेजरसाहेब गडबडून उठले. तिनं नवी चादर ओढून बाजूला फेकली, वाकळ उचलली आणि जमिनीवर पसरली. लुगड्यांची, धोतरांची ठिगळं, एका कोपऱ्यात सिद्धरामची पहिली खाकी चड्डी. आणि वरच्या काठाला लाल दोऱ्यानं घातलेली वेलबुट्टी, वळणावळणाची.

"मंगळवेढ्याला जायच्या आदल्या दुपारी ही शिवाय घेतली हुती," ती म्हणाली. "पदक हातात हुतं. कडंला बारीक बारीक खोदलेलं दिसलं. मी चौथी शिकलेली, मराठी. काय लिवलंय ते कळंना. पर कुणीतरी लिवलंय एवढं कळलं. लिवलेलं वाया कसं घालवायचं? मग पदक हितं काठावर उभं धरलं, चाकावानी. एक अक्षर बघायचं, तसा टाका घालायचा, जरा फिरवायचं, पुढचं बघायचं. आत्याबाईंना बी न्हाय सांगितलं."

सिद्धराम तीस वर्षं त्या वेलबुट्टीखाली झोपत होता.

इंद्रजीत गुडघ्यावर बसला. ऋतुजानं मोबाईल वर धरला होता तो खाली ठेवला आणि तीही बसली. काही अक्षरं उलटी झाली होती, एका ठिकाणी दोरा उसवला होता, आकडे अक्षरांत मिसळले होते. दोघं बोटांनी चाचपत एकमेकांना दुरुस्त करत गेले. मग इंद्रजीत उभा राहिला. का कोण जाणे, ताठ उभा राहिला. टीव्हीत उभा राहतो तसा नाही, शाळेतल्या पोरासारखा.

"शिपाई," तो म्हणाला. "बिरप्पा सिदू."

सिद्धरामनं भिंतीला हात टेकला. "सिदू कोण?"

"त्यांचा बाप असणार," ऋतुजा म्हणाली. "आप्पा, तुमचं नाव कुणावरनं ठेवलं ते आज कळलं बगा."

"परत वाचा," सिद्धराम म्हणाला. इंद्रजीतनं परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायच्या आधी सिद्धरामनं खिडकी उघडली. बाहेर महादेवप्पा कान लावूनच उभे होते.

चहा झाला. इंद्रजीतची गाडी सहाची होती, पण तो उठेना. शेवटी म्हणाला, "काका, माझ्या कपाटात सात पदकं तुमच्या जिल्ह्यातली आहेत. माझ्या माणसानं जुन्या कागदांतून गावं काढली, पण घरं सापडत नाहीत. त्या शिपायांची माहिती विचारायला पत्रं टाकली, परत आली. ती घरं सापडली तर पदकं परत द्यायची आहेत मला. हे आज इथं बसल्या बसल्या ठरलंय, म्हणून नंतर बदलेन असं वाटेल तुम्हाला. म्हणून सगळ्यांसमोर बोललो."

त्यानं मोबाईलवर यादी काढली. सिद्धरामनं चष्मा लावला. पहिलं गाव वाचलं आणि त्याचा चेहरा स्टेअरिंगवर बसल्यासारखा झाला.

"हितं पत्र कशाला पोचतंय? वाडीला मुक्कामाची गाडी असती, सकाळी सहाला परत फिरती. तितं शाळंम्होरं हाटेल हाय, त्या म्हाताऱ्याला इचारायचं. आन् हे दुसरं, हितं तर भावकीच एकच हाय." तो यादी खाली सरकवत गेला. मग वर बघितलं. कात्री घेतल्यापासून त्यानं बायकोकडं बघितलं नव्हतं, ते आता बघितलं.

"शोधतो मी. सोमवारपास्नं निघतो. हिला बी घिऊन जातो, घरातल्या बायकांकडनं हिलाच काढून घेता येतंय." आणि इंद्रजीतकडं वळून, "पर एक अट हाय, मेजरसाहेब. पदकं माज्या हातात द्यायची. हिच्या हातात चांदी द्यायची न्हाय."

केराबाई पदर तोंडाला लावून हसली. मग थोडी रडली. मग सोमवारच्या भाकरीसाठी ज्वारी किती आहे ते बघायला आत गेली.