दोनपर्यंत पाणी

त्या शनिवारी भिंगवालीला बारा वाजायच्या आत एक फोन करायचा होता. बस, एवढंच. एक फोन आणि एक शब्द, "येते." पण तो शब्द आठ दिवस तिच्या घशात अडकून बसला होता. त्याचं कारण या क्षणी तिचा दंड धरून, टोपी कानांपर्यंत ओढून, तिच्या शेजारून तुरुतुरु चाललं होतं.

कारण म्हणजे तिचे वडील. एकतीस वर्षं बंदरावर पाण्याची पातळी मोजली त्यांनी. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, किती बोटं चढलं, किती उतरलं. सगळे त्यांना भरतीमास्तर म्हणत. नोकरी संपली, पण पाणी काही डोक्यातून गेलं नाही. मग ते दर शनिवारी खाडीकाठच्या अभयारण्यात जाऊन पक्षी मोजायला लागले आणि मोजलेले वहीत लिहायला लागले. पुढे डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. समोरचं माणूस म्हणजे नुसता डाग, कडेकडेने काय दिसेल तेवढंच. आता मोजायची मुलगी, लिहायचीही मुलगीच, आणि वहीवर नाव मास्तरांचं.

गंमत बघा, ही मुलगी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून बावीस वर्षं भिंगं घासत होती. अख्ख्या गावाला तिच्या हाताने दिसायला लागलं, पण घरातल्या माणसाला उपयोग होईल असं एकही भिंग जगात नव्हतं.

लांबच्या शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळाने तिला बोलावलं होतं. भिंगांच्या कार्यशाळेची प्रमुख म्हणून. हुद्दा वगैरे ठीक आहे हो, पण पत्रात खाली एक ओळ होती: राहायला खोली मिळेल. ती ओळ तिने इतक्या वेळा वाचली की कागदाची घडी फाटत आली. स्वतःची खोली. एक दार, एक किल्ली. "कुठे निघालीस? कोण होतं दारात? इतका वेळ का लागला?" हे विचारायला कोणी नाही. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला एवढीशी हाव असली तर काय बिघडलं? शनिवारी बारापर्यंत कळवा, म्हणाले होते, त्यानंतर पुढच्या माणसाला विचारू.

मास्तरांची सोय नव्हती असंही नाही. दोन गल्ल्या सोडून आत्या राहायची आणि ती कधीची म्हणत होती, दादाला माझ्याकडे पाठव. पण मास्तरांचं एकच पालुपद, "ती फार बोलते." विषय संपला.

फाटकावर रखवालदार स्टुलावर बसला होता. त्याच्या मागे फळ्यावर रोज भरतीची वेळ खडूने लिहिलेली असे. कारण आतली लाकडी पायवाट मधोमध अशी सखल होती की मोठ्या भरतीला पार बुडायची. एकदा बुडाली की पाणी उतरेपर्यंत पलीकडचा माणूस पलीकडेच. पण मास्तर आले की त्या फळ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. रखवालदार तर उलट त्यांनाच विचारून फळा दुरुस्त करायचा.

"या मास्तर! तुमच्या त्या चमचे पक्ष्यांनी काय उच्छाद मांडलाय! त्या जोडीला बघायला लोक येतात, दिवसभर डोळे फोडतात आणि हात हलवत जातात. म्हणतात, मास्तरांनाच बरी दिसते ही जोडी!"

"बसायला शिकायला हवं लोकांनी," मास्तर म्हणाले. त्यांची मान ताठ झाली. "पाच मिनिटांत पक्षी हवा असतो सगळ्यांना."

भिंगवालीने चपलेचा पट्टा उगाचच सोडून पुन्हा लावला. चमचे नव्हतेच. पळीसारख्या चोचीची ती पांढरी जोडी त्या खाडीत कधी उतरलीच नव्हती. वर्षापूर्वी एका शनिवारी धुकं होतं, काही म्हणता काही दिसलं नाही, आणि तिने तसं सांगितल्यावर मास्तर आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते. पुढच्या शनिवारी तिने चार लांब पायांचे शेकाटे जास्त सांगितले. मास्तरांनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. मग काय, सवयच लागली. शेकाटे वाढले, चिखलातल्या चिमुकल्या तुताऱ्या वाढल्या आणि एका कंटाळवाण्या सकाळी तिच्या तोंडून ते चमचे बाहेर पडले.

"बाबा, मला अकरापर्यंत घरी पोचायचंय हं," ती म्हणाली. "थोडं काम आहे."

"पोचशील की. आज पाणी दोनला चढतं. वाट साडेबारापर्यंत कोरडी ठणठणीत."

रखवालदाराने मुकाट्याने ओल्या फडक्याने फळ्यावरची वेळ पुसली आणि मास्तरांची लिहिली.

पायवाटेच्या शेवटाला लाकडी झोपडी होती. पक्षी बघणाऱ्यांसाठी बांधलेली. तीन बाजूंनी बंद, मागे तेवढं एक दार, चौथ्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर एक लांबलचक फट, आत एकच बाक. दोघं तिला खोका म्हणायची. छत एका टोकाला इतकं उतरतं होतं की उभं राहिलं तर डोकं लागायचं, आणि बसायचं तर गुडघे फळीला. मास्तर बाकावर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "हं. सुरू कर."

तिने दुर्बीण लावली. चिखलात आठ-दहा तुताऱ्या चोची खुपसत होत्या, एक बगळा ध्यानस्थ उभा होता. "तुताऱ्या बावीस," ती म्हणाली. "बगळे तीन. शेकाटे सहा." लिहिताना पेन जड झालं होतं. तिच्या मनात दुसरंच वाक्य चाललं होतं: बाबा, मला नोकरी मिळालीय. बाबा, मी जातेय. बाबा, आत्याकडे राहाल का? दर वेळी 'बाबा' पर्यंत यायचं आणि तिथेच थबकायचं.

सव्वादहाच्या सुमारास चिखल चकाकायला लागला. तुताऱ्या एकदम उडाल्या. ती दारातून बाहेर डोकावली. पायवाटेच्या सखल भागावर पाणी आलं होतं. बघता बघता फळ्या दिसेनाशा झाल्या. दोन्ही बाजूंना गाळ, माणूस मांडीपर्यंत रुतेल असा. आंधळ्या म्हाताऱ्याला घेऊन त्यातून जायचं म्हणजे जिवाशी खेळ, आणि त्याला सोडून जायचं म्हणजे तर विचारूच नका.

"बाबा! पाणी आलं!"

"आलं?" मास्तर म्हणाले. "मग बस आता."

तिला आधी कीवच आली. चुकले बिचारे. डोळे गेले, आता हिशेबही जायला लागला. तिने मोबाइल काढला. रेंजचा पत्ता नाही. दाराशी गेली, फटीतून हात बाहेर काढला, मोबाइल उलटा केला, हलवला. काही नाही. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, त्याच्यापलीकडे खोकाच संपत होता. "बाबा, हे उतरणार कधी?"

"दोनला."

"दोनला तर चढणार होतं ना?"

मास्तर पिशवी चाचपत राहिले. तिने ती ओढून घेतली, पाण्याची बाटली काढायला. आत पावाचे तुकडे होते, चार उकडलेली अंडी, दोन केळी. दोघांचं जेवण. आणि रुमालात गुंडाळलेली डोळ्यांच्या थेंबांची बाटली. निळ्या बुचाची. दुपारी एक वाजता घालायचे थेंब.

ती बाटली हातात घेऊन ती उभी राहिली. शनिवारी ते बाराच्या आत घरी असत. दुपारचे थेंब आजवर कधी इथे आले नव्हते.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"काय म्हणून विचारू नका! तुम्ही झोपेतही भरती चुकत नाही. तुम्ही मला मुद्दाम आणलंत इथे."

मास्तरांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "स्वयंपाकघरात बोलत होतीस तू फोनवर. शनिवारी बारापर्यंत. डोळे गेलेत गं, कान नाही गेले."

"आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू बोललीस?" मास्तरांचा आवाज चढला. "आठ दिवस वाट बघितली मी. आज सांगेल, उद्या सांगेल. म्हटलं, जाऊ देत बारा वाजून. चिडेल, चार दिवस अबोला धरेल, पण घरात तर राहील. मला भीती वाटते, पोरी. सकाळी उठल्यावर घरात भांडं वाजलं नाही तर मला कळतही नाही मी जागा आहे की झोपेत."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून ती विरघळली असती. आज तिच्या डोक्यात सणक गेली. आईच्या आजारपणात चार वर्षं गेली, नंतर ही सहा. तिने कधी तोंड वर केलं नव्हतं. आणि या माणसाने तिला कोंबडीसारखी खुराड्यात घालून दार पाण्याने लावून घेतलं होतं!

"मग ऐका," ती म्हणाली. "चमचे नाहीत."

"आज नसतील."

"कधीच नव्हते. मी बनवून सांगितले. शेकाटे निम्मे खोटे. तुताऱ्या आज दहासुद्धा नव्हत्या, मी बावीस म्हटलं. वर्षभर हेच चाललंय."

खोक्याखाली पाणी डचमळत होतं. मास्तरांचे हात बाकावरच्या वहीवर होते. ते हळूच मागे आले, जणू वही तापली होती.

"अभयारण्याच्या कार्यालयात जाते ती वही," ते म्हणाले. "माझं नाव आहे तिच्यावर. बंदरावर एकतीस वर्षांत एक बोट पाणी खोटं लिहिलं नाही मी. साहेब मागे लागले तरी नाही. आणि तू माझ्या नावावर... का?"

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात म्हणून! तुमचं तोंड बघवत नव्हतं म्हणून!"

"म्हणजे मला लहान मुलासारखं खेळवलंस."

"आणि तुम्ही मला काय केलंत?"

ती दाराच्या चौकटीत बसली आणि ओक्साबोक्शी रडली. चाळिशी उलटलेली बाई, नाक पुसायला रुमाल नाही, बाहीलाच पुसत होती. मास्तर फटीकडे तोंड करून बसले होते, तिथे त्यांना उजेडाची एक पट्टी तेवढी दिसत असेल. असा बराच वेळ गेला.

"किती वाजले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बाराला वीस कमी."

मास्तरांनी गुडघ्यावरची टोपी फिरवली. मग ते म्हणाले, "बाकावर चढ. उत्तरेच्या कोपऱ्यात, छत उंच आहे तिथे. तिथे रेंज येते. रखवालदार तिथूनच बायकोला फोन करतो."

ती बघतच राहिली. म्हणजे हेही माहीत होतं! दीड तास हा माणूस ते दाबून बसला होता. तिला ओरडावंसं वाटलं आणि त्यांच्या पायांवर डोकंही ठेवावंसं वाटलं, पण दोन्हीला वेळ नव्हता. ती चपला काढून बाकावर चढली, मान वाकडी केली, मोबाइल छताला टेकवला. एक काडी. दोन काड्या. आवाज नीट यावा म्हणून तिने स्पीकर लावला. मास्तर तिच्या पायांपाशी, अगदी हातभर अंतरावर, मान खाली घालून बसले होते.

पलीकडून एका बाईंचा उत्साही आवाज आला. "अहो, तुमचीच वाट बघत होते! मग, येताय ना?"

"येते," ती म्हणाली. निघाला एकदाचा शब्द.

"छान! आता फक्त राहण्याचं. आमच्याकडे एकट्यासाठीच्या खोल्या आहेत, आणि नशिबाने कुटुंबासाठीचंही एक घर रिकामं झालंय. दोन खोल्या, तळमजला, बाहेर अंगण. बरोबर कोणी असेल तर आत्ताच सांगा, मी नाव टाकते."

मास्तरांनी मान वर केली. डाग दिसत असेल त्यांना तिच्या जागी, पण चेहरा बरोबर तिच्याकडे होता. ओठ उघडले होते. ते काहीतरी म्हणणार होते.

"एकटी," ती म्हणाली.

इतक्या झटकन, की पलीकडच्या बाईंचं वाक्य जेमतेम संपलं होतं. तिलाच धक्का बसला. विचार केला नाही, खाली बघितलं नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. आठ दिवस अडकलेल्या एका शब्दामागून हा दुसरा असा आला, जणू दाराशीच उभा होता.

"बरं, एकटी," बाई म्हणाल्या. लिहून घेतलं, अभिनंदन केलं, ठेवला फोन.

मास्तरांनी टोपी घातली. नीट, दोन्ही हातांनी. "बरं केलंस," ते म्हणाले. "तळमजल्याला ओल येते."

"बाबा, तुम्ही काय म्हणणार होता?"

"काही नाही गं. अंडी खाऊन घे, वास लागेल."

तिने बाहेर बघितलं. वाट नव्हती, चिखल नव्हता, काठापर्यंत नुसतं सपाट पाणी. ते उतरायला अजून दोन तास होते. ती बाकावरून खाली उतरली. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्यांच्या शेजारीच बसली.